चार मिलिमीटरचा मी

मी एक ब्रॅकेट. बसच्या पोटाखाली डिझेलची टाकी पेलायला चार मिलिमीटरच्या पत्र्यातून वाकवलेला. प्रेसखालून निघाल्यापासून जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

गाडीला लागण्याआधी मी किती ताण सोसेन ते संगणकावर तपासताना माझी दोन रूपं भांडू लागली. मोठ्या साहेबांनी मला भरीव मानलं होतं. विटा रचाव्यात तसे ठोकळे, पण जाडीत एकच थर. त्यात माझा कोपरा निळाशार, म्हणजे निर्धोक. नव्या इंजिनिअरबाईंनी मला नुसता पापुद्रा मानलं आणि जाडी आकड्यात सांगितली. तोच कोपरा लालबुंद.

"भरीव ते खरं," साहेब म्हणाले. "पापुद्र्याचा काय भरवसा? परवा माल निघायचाय."

"सर, खड्ड्यात टाकी हिसका देते तेव्हा हा वाकतो. एक अंग ताणलं जातं, दुसरं दाबलं जातं. जाडीत एकच ठोकळा असला की त्याला ते नीट दिसतच नाही. पापुद्र्याच्या गणितात वाकणं आधीच धरलेलं असतं."

"पंधरा वर्षं असंच करतोय मी."

बाईंनी सही केली नाही. जेवणाचा डबा तसाच ठेवून त्यांनी साहेबांच्याच ठोकळ्यांचे जाडीत चार थर केले. भरीव कोपराही लाल झाला.

साहेबांनी चष्मा पुसला. "हादरवून बघू."

मला यंत्रावर आवळलं, वजन टांगलं. खरं सांगतो, बाईंचं चुकावं असंच मला वाटत होतं. आपण मोडणार हे कोणाला आवडतं? दुसऱ्या दुपारी कोपऱ्यात चर्रकन झालं.

साहेबांनी भेगेवरून बोट फिरवलं. "मागच्या तीन बसना मी हेच गणित लावलंय. डेपोला फोन लावा. नको, मीच लावतो."

दोन बस संध्याकाळपर्यंत परतल्या, धडधाकट. तिसरी लांबच्या फेरीवर होती. दुसऱ्या सकाळी ती आली, तेव्हा तिच्याखालच्या माझ्या भावाला केसाएवढी भेग पडली होती. चालकाला पत्ताही नव्हता. खाली उतरून त्याने चहा कुठे मिळेल ते विचारलं.

आता गाड्यांना सहा मिलिमीटरची भावंडं लागतात. आम्ही दोघे मोडके साहेबांच्या टेबलावर असतो. येईल त्याला ते विचारतात, "जाडीत थर किती?" उत्तर येईपर्यंत माझा जीव टांगणीला.

माझं एवढंच मागणं आहे. निळा रंग दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. आम्ही कुठे वाकतो, ते आधी बघा.