कांडीतल्या पांढऱ्या रेघा

तिसरी बोअर आटल्याचा फोन आला, तेव्हा ती गोदामात बोअर मारताना निघालेल्या खडकाच्या कांड्या पुन्हा मांडून बसली होती. गावाला तीस वर्षं पाणी पुरेल, असं भूशास्त्रज्ञ म्हणून तिनंच लिहून दिलं होतं. त्याला अजून वर्षही झालं नव्हतं.

बोअर तिच्या वडिलांनी मारल्या होत्या. तेव्हाच ते म्हणाले होते, "पोरी, मऊ दगडात मशीन मध्येच कुरकुरतंय. दर हात-दीड हातावर काहीतरी टणक लागतंय."

"बाबा, तुमचं मशीन म्हातारं झालंय," म्हणत तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. कांड्यांवरच्या पांढऱ्या रेघा तिला दिसल्या होत्या. मशीनचे ओरखडे समजून तिनं सोडून दिल्या.

आता तिनं एका कांडीवर पाण्याचा थेंब सोडला. वाळूच्या दगडानं तो घटकन पिऊन टाकला. दुसरा थेंब रेघेवर सोडला. तो तसाच बसून राहिला.

भिंगाखाली उरलंसुरलं स्पष्ट झालं. खोल गाडलेला हा सच्छिद्र दगड दाबाखाली तडकला नव्हता. त्याचे कण सरकले, चुरडले आणि चुरा मोकळ्या जागांत गच्च बसला. तो पट्टा टणक झाला, मग पुढचा ताण शेजारच्या मऊ भागानं सोसला आणि तिथे दुसरी रेघ उमटली. अशा शेकडो. गावाखाली एक मोठा साठा नव्हताच. पाणी आरपार जाऊ न देणाऱ्या रेघांनी पाडलेले लहान-लहान बंद कप्पे होते; बोअर ज्या कप्प्यात, तेवढंच पाणी तिला.

तिनं कांडी बाबांच्या हातात दिली. त्यांनी रेघेवरून नख फिरवलं.

"हेच लागत होतं."

"मी तुमचं ऐकलं नाही."

"मीही कुठे नेट लावून सांगितलं? म्हटलं, लेक शिकलेली आहे, तिला जास्त कळत असेल."

ते चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

गावाच्या बैठकीत तिनं चूक कबूल केली. "मग आता आम्ही प्यायचं काय?" मागून एक बाई ओरडल्या. प्रत्येक कप्प्यात वेगळी बोअर मारावी लागेल, आधी रेघांचा नकाशा हवा, वर्ष तरी जाईल, एवढंच ती सांगू शकली. नव्या बोअरचं काम बाप-लेकीच्या हातून दुसऱ्याकडे गेलं. नकाशा तेवढा तिनं मागून घेतला.

गावाजवळच्या जुन्या खाणीत हाच दगड उघडा पडला होता. बाबा टेप धरत, आकडा सांगत. ती लिहून घेई. तिसऱ्या दिवशी चारशे रेघा झाल्या. खालच्या रस्त्यावरून टँकर गावाकडे चालले होते.