दहा ते चारच्या उन्हातला तलाव

सत्तावीस तलावांचे ड्रोनने काढलेले एकतीस हजार फोटो. ते जोडून प्रत्येक तलावात गाळ किती साचलाय ते काढायचं. माझ्या लॅपटॉपवर हे करत बसले असते तर केस पांढरे झाले असते. अशी घाऊक कामं दूरच्या, भाड्याच्या मशिनींवर टाकतात. क्लाउड म्हणतात ते हेच. पण त्या मशिनी वीज खातात, आणि ती कोळशाची असली तर आपण इथे तलाव वाचवायचे आणि तिकडे धूर सोडायचा. हे मला पटेना.

पुण्याच्या आमच्या कंपनीत मीच हट्ट धरला. या कामाला घाई नाही, मग ते सकाळी दहा ते दुपारी चारच चालवू, आणि तेही जिथे त्या वेळात सौर वीज भरपूर असते तिथल्या मशिनींवर. आमच्या प्रमुख मेघा मॅडम म्हणाल्या, "रविवार संध्याकाळपर्यंत करून दाखव, कार्बन नेहमीच्या अर्ध्याच्या आत. जमलं तर पुढचं काम गावातूनच सांभाळ. नाहीतर मंगळवारी पुण्यात हजर हो."

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीजवळच्या माझ्या गावातून मला हलायचं नव्हतं. कारण विचारू नका, नव्हतं हलायचं.

गुरुवारी दोन वाजेपर्यंत सव्वीस तलाव झालेसुद्धा. मी अंगणात अशी नाचले की आईला वाटलं, पायाला इंगळी डसली. राहिला एकच, आमच्याच गावचा मोठा तलाव. चार वाजता तो अर्धवट थांबला. शुक्रवारी दहाला पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरू झाला आणि चारला पुन्हा थांबला. मी इंटरनेटला शिव्या घातल्या. शनिवारीही तेच झालं, तेव्हा कुठे मी घड्याळ लावून हिशेब केला. मोठ्या तलावाला लागतात आठ तास आणि ऊन सहा तासांचं. दुसरीतल्या पोराला कळलं असतं. चारच्या पुढे चालू ठेवावं तर कोळशाची वीज लागणार आणि अट मोडणार. मला रडूच आलं.

तेवढ्यात बाबा आले. यादोराव, गावचे पाणकर. तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना, म्हणजे धुऱ्या-बांधांनी वेढलेल्या शेताच्या तुकड्यांना, पाळीपाळीने द्यायचं काम तीस वर्षांपासून त्यांच्याकडे आहे.

"काहून वो, तोंड पाडून काहून बसली?"

"तुमाले नाही समजन, बाबा."

"सांगून तं पाय."

सांगितलं. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि खाटेवर बसले.

"अर्धा झाला होता ना? मंग दुसऱ्या दिवशी पयल्यापासून काहून?"

"तुमीच तं सांगता, सोडलेलं पाणी अर्ध्यावर तोडाचं नाही. मी प्रोग्राममंदी तसंच लिवलं. तलाव पुरा झाला तरच झाला म्हणाचा."

बाबा इतके हसले की ठसका लागला.

"अवो, ते एका बांधीसाठी हाय. अख्ख्या तलावासाठी कोण सांगतलं तुले? मी सांज झाली का पाणी बंद करून घरी येतो. जे बांधी भरली तिच्या धुऱ्यावर डहाळी खोचतो. सकारी तिच्या पुढच्या बांधीपासून देतो. पयल्यापासून देत बसलो असतो तं टोकाच्या लोकायनं मले तलावात बुडवलं असतं."

तीस वर्षांच्या पाणकराची मी मुलगी, आणि नियम ऐकला तोही अर्धाच. लाज वाटली, पण लाजायला वेळ कुठे होता? त्याच संध्याकाळी मोठ्या तलावाचे चारशे तुकडे केले. एक तुकडा झाला की खूण, आणि काम थांबलं तर शेवटच्या खुणेपासून पुढे. शिवाय आता तुकडे वेगवेगळ्या मशिनींना वाटता येत होते.

रविवारी दहा वाजता सुरू केलं. साडेअकराला भाड्याने देणाऱ्या कंपनीने चार मशिनी अचानक काढून घेतल्या. त्या दुसऱ्या कुणाला हव्या होत्या आणि आमच्याकडे पडीक वेळेपुरत्याच होत्या. पण त्यांचे तुकडे उरलेल्या मशिनींनी उचलले आणि आकडा पुढेच सरकत राहिला. तीनशे. तीनशे साठ. बाबा न जेवता माझ्यामागे उभे होते आणि पडद्यावर काय आहे ते दर दोन मिनिटांनी विचारत होते. मीही न चिडता सांगत होते, यावरूनच समजा.

एक वाजून दहा मिनिटांनी चारशे झाले. वाया गेलेले दिवस धरूनही कार्बन नेहमीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा.

मेघा मॅडमना फोन लावला. त्यांनी आकडे दोनदा वाचून घेतले आणि म्हणाल्या, "आता जिल्ह्यातले सगळे तलाव घे. तिथूनच."

मी फोन ठेवला. आनंदाने काही सुचेना. मग एकदम आठवलं, काम फसलंच तर म्हणून काल सकाळी बाबांना पुण्याच्या तिकिटासाठी भंडारा रोड स्टेशनवर पाठवलं होतं.

"बाबा, तिकीट रद्द करा लागन."

बाबा हात धुवायला उठले होते. मागे न बघता म्हणाले, "काढलंच कोणं होतं?"