पानाच्या कडेची दीड ओळ

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. माझ्या चौतिसाव्या पानाच्या कडेला पेन्सिलीने दीड ओळ लिहिलेली आहे: "नाव या बीनजवळ ठेवू नये. दोघं एकदम आले तर अदलाबदल होईल." ही ओळ मी कधी मनावर घेतली नाही. खरं सांगायचं तर मला ती माझ्या अंगावर नकोच होती. तिच्यापायी उपेंदर नावाचा एक भला माणूस आज कुणाला तोंड दाखवत नाही, म्हणून मान खाली घालून ही हकीकत सांगते आहे.

हैदराबादेत अमीरपेठेतल्या एका दुकानात हिमबिंदूने मला निवडलं. ती गुंटूरहून आलेली, नुकती पदवी घेतलेली मुलगी. सकाळी सातला तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये शंभरेक जण दाटीवाटीने बसत आणि चलपती सर फळ्यावर लिहू लागत. सर्व्हरवर बसून बँकेची, दुकानाची, दवाखान्याची कामं करणारे प्रोग्रामचे छोटे छोटे भाग कसे बांधायचे, ते तिथे शिकवत. त्या भागांना सगळे 'बीन' म्हणत. काही बिनी गिऱ्हाईकाला लक्षात ठेवतात, काही काम झालं की विसरतात.

"ही दुसरी बीन म्हणजे इराणी हॉटेलातला वेटर," सर म्हणाले. "चहा ठेवला की तुम्ही कोण, हे तो विसरला. त्याच्याकडे छत्री सांभाळायला द्याल, तर ती तिसऱ्याच्या हातात जाईल."

हॉल हसला. पण त्या दिवशी वेळ संपत आली होती. घाईघाईत सरांनी जे उदाहरण फळ्यावर लिहिलं, त्यात त्यांनी स्वतःच छत्री वेटरकडे दिली होती. पेशंटचं नाव विसरभोळ्या बीनकडे ठेवलं होतं. हिमबिंदूने ते माझ्यावर मोत्यांसारख्या अक्षरात उतरवून घेतलं.

जिन्यात तिने सरांना गाठलं. "सर, एकाच वेळी दोन पेशंट आले तर?"

"बरोबर धरलंस, तल्ली," लेकीला हाक मारावी तसं सर म्हणाले. "उद्या वर्गात सांगतो सगळ्यांना."

तिने जिन्यातच, भिंतीला टेकवून, माझ्या कडेला पेन्सिलीने ती दीड ओळ खरडली. दुसऱ्या दिवशी सर पुढच्या धड्यावर गेले. ते विसरले, आणि हिमबिंदूनेही आठवण करून दिली नाही. मला मात्र तेवढंच सलत राहिलं, की माझ्या इतक्या देखण्या पानावर हे वेडंवाकडं काय येऊन बसलं.

पुढे माझं नाव झालं. नोट्स हव्या असल्या की सगळे माझ्याकडे बोट दाखवत. गल्लीच्या तोंडाशी सत्तेम्माचं झेरॉक्सचं दुकान होतं, तिथे मी मूळ प्रत म्हणून राहायला गेले. पहिल्याच दिवशी सत्तेम्मा म्हणाली, "हिमबिंदू, कडेला काहीतरी लिहिलंयस, ते उमटत नाही बघ. मशीन गडद करू?"

"गडद केलं तर सगळं पानच काळं येईल, अक्का. राहू दे. मी सांगेन सगळ्यांना."

तिने आपल्या रांगेतल्या चौघींना सांगितलं. बाकीच्यांना कोण सांगणार होतं? काचेखालचा दिवा सरकायचा आणि माझं पान स्वच्छ, पांढरंशुभ्र बाहेर पडायचं. मी हरखून जायची. वाटायचं, ही खरी मी.

बहिणीच्या लग्नामुळे उपेंदर सूर्यापेटहून वर्गाला आठ दिवस उशिरा आला. गेलेले धडे त्याने माझ्या प्रतीवरूनच शिकले. दुकानाच्या पायरीवर बसून तो पानं पाठ करायचा. सत्तेम्मा चिडवायची, "बाबू, मुलगी बघायची कशाला, या वहीशीच लग्न लाव." तो लाजायचा आणि पुन्हा वाचायला लागायचा. चौतिसाव्या पानावरचं उदाहरण त्याने वर्गातल्या संगणकावर करून पाहिलं. ते बरोबर चाललं. एकट्याने चालवलं की ते चालायचंच. दुसरा कुणी मध्ये आला तर बिघडणार होतं, आणि वर्गातला संगणक एका वेळी एकालाच मिळे.

त्याला नोकरी लागली तेव्हा आईने तळलेले गुळाचे गोड अरिसेलु घेऊन तो आला. सत्तेम्माच्या हातावर दोन ठेवले. मग माझ्या पुठ्ठ्याला हात लावून त्याने तो डोळ्यांना लावला. तेव्हा मला किती अभिमान वाटला होता, ते आज सांगवत नाही.

वर्षभराने एका दुपारी तो परत आला. दाढी वाढलेली, हातात माझी फाटकी प्रत. "अक्का, मूळ वही दाखवता?"

त्याने दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. मग ओळीमागून ओळ ताडून पाहू लागला.

"काय झालं, बाबू?"

"रक्त तपासतात तिथलं काम मी केलं होतं. तीन वर्षांच्या मुलीचा कागद, अक्का. वर नाव तिचं आणि खाली आकडे दुसऱ्याच कुणाचे. त्या आकड्यांवरून तिला दोन दिवस सुया टोचत होते."

"पोर बरी आहे ना?"

"बरी आहे. तिच्या आईनेच पकडलं. कागदावर वय एकोणसाठ होतं."

"मग झालं तर."

"झालं काय, अक्का? ते पान मी पाठ केलं होतं." त्याचं बोट माझ्या कडेवरून फिरलं. "ही ओळ माझ्याकडे नाही."

त्याने मला फाडलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने मला अलगद मिटलं, माझ्यावरची धूळ पुसली आणि तो पायऱ्या उतरून गेला.

सत्तेम्माने हिमबिंदूला बोलावून घेतलं. ती कडेवर तान्हं बाळ घेऊन आली. उभ्या उभ्याच तिने ती दीड ओळ काळ्या पेनने गिरवली, इतकी दाबून की मागच्या पानावर वळ उठले. आता ती प्रत्येक प्रतीवर येते. माझं पान आता देखणं राहिलेलं नाही, आणि ते तसंच राहावं.

उपेंदर फोन उचलत नाही. हिमबिंदूने त्याच्या घरी फोन केला, तेव्हा वडील म्हणाले, "सुट्टी मिळालीय म्हणतो. दिवसभर माळ्यावर पडून असतो. जेवायलाही चारदा हाक मारावी लागते." नोकरी सोडल्याचं त्याने घरात सांगितलेलंच नाही, हे तिच्या लक्षात आलं. रविवारी ती सूर्यापेटला निघणार आहे. मला पिशवीत घातलं आहे. पण मला बोलता येत नाही, मित्रांनो. त्याच्यासमोर उघडून पडणं, एवढंच माझ्या हातात आहे.

तुम्हाला बोलता येतं. तुमच्याही आळीत शहरातली नोकरी सोडून अवचित घरी आलेला एखादा दादा, एखादी ताई असेल. सुट्टी आहे म्हणत असेल. आज त्यांच्याकडे एकदा जाऊन या. काय चुकलं ते विचारू नका. जेवलात का, एवढंच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथेच बसून राहा.