माझं काही नाही हो

"माझं काही नाही हो, पण बाकीच्यांना चालायला हवं ना!" हे वाक्य पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं ते मला माहीत नाही. तो माणूस सापडला तर त्याचं तोंड मी शिवून टाकीन, तेही दुहेरी टाक्याने. काज-बटणाचं काम करते मी. तोंड म्हणजे काय, मोठं काजच की.

आमचा कारखाना म्हणजे टायरच्या दुकानावरचा एक लांबट हॉल. शाळांचे आणि हॉटेलांचे गणवेश शिवतो आम्ही. एका बाजूला मशीनांची रांग, समोर कारखाना चालवणाऱ्या मास्तरांचं कटिंगचं टेबल आणि मागे इस्त्रीची खोली. त्या खोलीत डबेही उघडतात आणि एकमेकींची उणीदुणीही. काम साखळीने चालतं. मामी कॉलर शिवतात, बॉबिन ती शर्टाला जोडते, पुढच्या बायका बाह्या लावतात आणि शेवटी शर्ट माझ्याकडे येतो. मामी कुणाच्याच मामी नाहीत. वयाने मोठ्या आणि शब्दाला वजन, म्हणून मामी. त्यांचा अंबाडा कायम सुटायच्या बेतात असतो, त्यामुळे घटकेघटकेला हात डोक्यामागे जातो, आकडा खोचायला. बॉबिन, म्हणजे मशीनमधली दोऱ्याची रीळ, हे आम्ही ठेवलेलं नाव. गोल, बुटकी, आणि एकदा फिरायला लागली की थांबत नाही.

आमच्याकडे कात्र्या थोड्या आणि हात जास्त. दिवसभर एकच हाक चालू असते, "कात्री!" मान वर न करता हात लांब करायचा. जिच्याजवळ कात्री असेल ती पुढे सरकवते आणि हातोहात ती बरोबर येऊन पोचते. कोण मागतंय ते कुणी बघतसुद्धा नाही.

या हॉलमध्ये मी माझ्या धाकट्या बहिणीला कामाला आणलं.

धाकटीचं मूल पोटातच गेलं. मग नवऱ्याने हात झटकले. मग ती बोलायचीच बंद झाली. जेवेना, झोपेना, भिंतीकडे तोंड करून बसायची. शेवटी मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. तिथून बरी होऊन बाहेर आली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला औषधाइतकीच कामाची गरज आहे. चार माणसांत बसू द्या." बाईंनी आमची चार माणसं बघितली नव्हती.

दादा, म्हणजे आमचा थोरला भाऊ, स्पष्टच बोलला. "कामावर टिकली तर ठीक. नाहीतर परत तिथेच ठेवू. जन्मभर कोण सांभाळणार?" कागदोपत्री पालक तोच. त्याच्या एका सहीने ती आत जाऊ शकत होती, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. म्हणून मी तिला माझ्या घरी आणलं आणि मास्तरांच्या हातापाया पडले. घरी मी तिला फुलासारखी जपली. भाजीसुद्धा मीच चिरायची. ती विळी-सुरीकडे हात नेऊ लागली की मी म्हणायची, "राहू दे गं, दमशील. मी करते."

मास्तरांनी तिच्याकडून एक कॉलर शिवून घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "हात छान आहे. महिनाभर मामींच्या जोडीला कॉलरीवर बसू दे, मग बघू." पहिला दिवस सोन्यासारखा गेला. संध्याकाळी येताना धाकटी स्वतःहून बोलली. म्हणाली, "ताई, मशीनच्या आवाजात डोकं शांत राहतं गं." मला रस्त्यातच रडू फुटलं.

मी एवढंच केलं की मामींना विश्वासात घेऊन सांगितलं. आपल्या म्हणून. म्हटलं, जरा सांभाळून घ्या. मामी म्हणाल्या, "अगं, माझ्या मुलीसारखी ती." दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेपर्यंत सगळ्या हॉलला ठाऊक झालं होतं. भिंतींना कान असतात म्हणतात, आमच्या इस्त्रीच्या खोलीला तोंडही आहे. मनोरुग्णालय हा शब्द मात्र कुणी उच्चारला नाही. "ती तिथे होती म्हणे." तिथे! जणू नाव घेतलं की आपल्यालाही उचलून नेतील. तीन दिवसांत तिचं नावच पडलं, 'तिथली'.

मग एकदा धाकटीने नेहमीसारखा हात लांब केला आणि हाक दिली, "कात्री!"

मशीनं थांबली. कात्री बॉबिनच्या मांडीजवळ पडली होती. बॉबिनने शेजारचं एक कापड उचललं आणि कात्रीवर टाकलं. मी हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला. माझ्याजवळची कात्री मी पुढे सरकवली, ती दोन हातांपर्यंत गेली आणि तिसऱ्यापाशी अडकली. धाकटीचा हात तसाच हवेत राहिला. मग तो तिने मागे घेतला, खाली वाकून धागा दातांनी तोडला आणि पुढची कॉलर घेतली.

"दातांनी तोडते! बघितलंस?" बॉबिन इस्त्रीवालीच्या कानात कुजबुजली, ती कुजबुज जिन्यापर्यंत ऐकू गेली. अगं बाई, घाईच्या दिवसांत आपण सगळ्याच तोडतो की दातांनी! पण आपली ती घाई, आणि तिचं ते लक्षण.

मी चिडून घरची कात्री आणून तिच्या मशीनवर ठेवली. आता कुणाकडे मागायलाच नको. तर दुपारपर्यंत बॉबिनने आपलं स्टूल भिंतीला टेकवलं. "घरून कात्री घेऊन येते! कशाला बरं?" यांनी द्यायची नाही म्हणून आणली, तर म्हणे आणली कशाला! मास्तर माझ्याकडे आले आणि मिशीला हात लावत म्हणाले, "ताई, माझं काही नाही हो. पण बाकीच्या बायका घाबरतात. कात्री माझ्या ड्रॉवरमध्ये राहू दे. लागली की तिने मागावी." मागायचं आणि कुणी द्यायचं, हीच तर रड होती. धाकटीने एकदाही मागितली नाही. दातांनीच तोडत राहिली.

ते हॉटेलचे गणवेश होते, धागा नायलॉनचा. एक दिवस तिचा ओठ कापला आणि पांढऱ्या कॉलरवर रक्ताचा थेंब पडला. बास. पराचा कावळा व्हायला दुपारसुद्धा लागली नाही. आधी ओठ कापला होता. जेवणाच्या सुट्टीत तिने ओठ चावून घेतला होता. संध्याकाळी जिना उतरताना ती बॉबिनच्या अंगावर धावून गेली होती. बॉबिन पहिल्यांदा "छे गं" म्हणाली. दोन दिवसांनी तिलाही आठवायला लागलं. तिसऱ्या दिवशी ती आपला दंड चोळत होती.

मास्तरांनी मला बाजूला घेतलं. "उद्या सुट्टीत सगळ्यांचं मत घेऊ. चिठ्ठ्या टाकू या. झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्या संध्याकाळी मी एकेकीला गाठलं. इस्त्रीवालीला बसथांब्यावर, बाह्यांवाल्यांना भाजीच्या दुकानात आणि मामींना तर त्यांच्या घरी जाऊन. इस्त्रीवाली म्हणाली, "माझं काही नाही हो ताई, गरीब गाय आहे ती. पण बाकीच्या..." बाह्यांवाल्या म्हणाल्या, "आमचं काय जातंय? बाकीच्यांचं बघा." बॉबिनने तर माझा हात हातात घेतला. "देवाशपथ ताई, माझं काहीच नाही. धावून आली तेव्हासुद्धा मी मनात काही ठेवलं नाही. पण बाकीच्यांची तोंडं कोण धरणार?" मामींनी चहा दिला आणि पुन्हा म्हणाल्या, "माझ्या मुलीसारखी ती."

घरी येताना मी हिशोब मांडला. हिचं काही नाही, तिचं काही नाही, मामींचं काही नाही. मग हे बाकीचे राहतात कुठे? कुठल्या मजल्यावर? बाकीचे नावाचं कुणी नव्हतंच! मला हसू आलं, फार हलकं वाटलं. धाकटीला म्हटलं, "घाबरू नकोस. सगळ्या आपल्या बाजूच्या आहेत." ती म्हणाली, "मग मत कशाला घेतायत?" मी म्हटलं, "जास्त डोकं चालवू नकोस, झोप."

दुसऱ्या दिवशी मास्तर चिठ्ठ्या कापून घेऊन आले. मी म्हटलं, "चिठ्ठ्या नकोत. हात वर करायचे. एकमेकींच्या देखत." कारण चिठ्ठीत माणूस पाठीमागून वार करतो, अशी माझी समजूत. काल सगळ्या माझ्या तोंडावर बोलल्या होत्या, आज माझ्या तोंडावर कशा फिरतील? मास्तर म्हणाले, "ताई, विचार करा." मी म्हटलं, "केलाय." माझ्यासारखी शहाणी दुसरी नाही.

धाकटीला दाराबाहेर जिन्यात थांबवलं होतं. दाराला काच आहे, त्यातून तिचा अर्धा चेहरा दिसत होता.

मास्तर म्हणाले, "ज्यांना वाटतं की तिने इथे राहू नये, त्यांनी हात वर करा."

कुणी हललं नाही. बॉबिनने इस्त्रीवालीकडे बघितलं, इस्त्रीवालीने बाह्यांवालीकडे, आणि मग सगळ्यांनी मामींकडे. माझा जीव भांड्यात पडत होता. तेवढ्यात मामींचा अंबाडा सुटला. त्यांचा हात वर गेला, डोक्यामागे, आकडा खोचायला. रोज शंभरदा बघितलेला तो हात. पण त्या दिवशी सगळ्या कुणाच्या तरी हाताची वाटच बघत होत्या. बॉबिनचा हात झटकन वर गेला. मागोमाग इस्त्रीवालीचा. मग बाह्यांवाल्या, मग त्यांच्या पलीकडच्या, सगळी रांगच्या रांग. मामींनी मान वर करून बघितलं तर हॉलभर हात. त्यांनी आकडा खोचला. आणि हात खाली आणायच्या ऐवजी तो त्यांनी तसाच सरळ वर केला.

"ठीक आहे," मास्तर म्हणाले. चिठ्ठ्यांचं त्यांनी काय केलं ते मी बघितलं नाही.

मी मामींना इस्त्रीच्या खोलीत गाठलं. त्या रडत होत्या. "अगं, मी आकडा खोचत होते गं. खरं सांगते. माझं काही नव्हतं."

"मग चला बाहेर आणि हेच सांगा. आत्ता. तुमच्या एका शब्दाने फिरतील सगळ्या."

"आता? सगळ्यांनी हात वर केल्यावर?" त्यांनी डोळे पुसले. "बाकीच्या काय म्हणतील मला?"

मी त्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. वयाचा मान ठेवला नाही. त्या ऐकून घेत होत्या आणि त्यांचा हात पुन्हा पुन्हा डोक्यामागे जात होता. तो आकडा उपसून खिडकीबाहेर फेकावा, असं मला वाटलं. पण कुणाकुणाशी भांडणार? रोज यांच्याच पंगतीत डबा उघडायचा असतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

बाहेर आले तर धाकटी आत येऊन आपल्या मशीनपाशी उभी होती. मशीनवर तिने कव्हर घातलं होतं, बॉबिनकेस पुसून ठेवली होती. शिवून झालेल्या कॉलरी नीट रचल्या होत्या. मास्तरांनी ड्रॉवर उघडून आमची कात्री काढली, कागदात गुंडाळली आणि तिच्याऐवजी माझ्या हातात दिली.

"बघ बाई," ते तिला म्हणाले, "तुझं काय काय असेल ते घे."

धाकटीने मशीनकडे बघितलं, स्टुलाकडे बघितलं, मग सगळ्यांकडे एकेक करून बघितलं.

"माझं काही नाही हो," ती म्हणाली.

सगळ्यांनी ऐकलं. बॉबिनने मान खाली घातली. मग कुणीतरी मशीन सुरू केलं आणि बाकीच्यांनीही सुरू केलं.

आम्ही जिना उतरायला लागलो. खाली टायरवाल्याचा हातोडा चालू होता. संध्याकाळी दादाचा फोन येणार होता, त्याला काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं. मी मोठमोठ्याने बोलत होते. नालायक आहेत मेल्या, एकेकीचं बघून घेईन, दुसरीकडे काम शोधू, तुला परत तिथे जाऊ देणार नाही. होय, मी पण 'तिथे'च म्हणाले. धाकटी मधल्या पायरीवर थांबली. तिच्या बाहीला एक लांब धागा लोंबत होता, कॉलरीचा पांढरा नायलॉन.

"ताई, कात्री," ती म्हणाली आणि हात लांब केला. अगदी हॉलमध्ये करतात तसा.

कात्री माझ्या मुठीत होती, कागदात. मी मूठ आवळली.

"राहू दे गं," मी म्हणाले, "मी कापते."

तिने माझ्या मुठीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला मूठ उघडायची होती, ती उघडलीच नाही. तिने हात मागे घेतला, खाली वाकून धागा दातांनी तोडला आणि पुढे होऊन जिना उतरायला लागली.