मोरिवलीकडची भिंत

हरेशशेटनं ती बोरिंग मशीन घेतली ती चंदरच्या बोलण्यावरून. आणि चंदर बोलला होता तो शेटनं ती मशीन घेऊ नये म्हणून. आता बोला!

झालं असं. अंबरनाथच्या एमआयडीसीत, मोरिवली गावाला पाठ लावून हरेशशेटचं मशीन शॉप आहे. शेट उल्हासनगरचा सिंधी. बापानं पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केलेलं काम त्यानं वाढवलं. चंदर त्याचा सगळ्यात जुना ऑपरेटर, मोरिवलीचाच आगरी. मिसरूड फुटत होतं तेव्हा त्या शेडमध्ये शिरला, तो केस पिकले तरी आतच. आता मात्र त्याला बाहेर पडायचं होतं. मशीन थंड ठेवायच्या तेलानं हात खाजून सोलवटलेले, पायांत गोळे, आणि बाराही महिने डोक्यावर ट्यूबलाइट. बाहेर पाऊस आहे की ऊन, हे आत येणाऱ्या माणसाच्या कपड्यांवरून ओळखायचं. हे काय जिणं झालं?

त्यातून वाट निघाली होती. त्याची बायको वेणू हिच्या भावानं, दिपेशनं, बदलापूरच्या पुढची रस्त्यालगतची जागा नर्सरीसाठी देऊ केली होती. तिकडं बंगले उठतायत, सोसायट्या उठतायत, झाडं कुणाला नकोत? आणि वेणूनं वाळकी काडी खोचली तरी तिला पालवी फुटते, हे अख्ख्या मोरिवलीला माहीत. नवरा-बायको दोघांनी मिळून करायचं असं ठरलं. दिपेशनं एवढंच सांगितलं, "भावोजी, दसऱ्यापर्यंत काय ते नक्की करा. नायतर मी ती जागा गाड्या लावायला देऊन टाकतो."

म्हणजे चंदरला फक्त शेटसमोर उभं राहून 'मी काम सोडतोय' एवढं म्हणायचं होतं. पण हा माणूस असा की जेवण झालेलं असताना कुणी ताट वाढलं तरी पुन्हा जेवेल, पण नको म्हणणार नाही. स्वभावाला औषध कुठून आणायचं?

उन्हाळ्यात शेट त्याला घेऊन एका बंद पडलेल्या कारखान्यात ती मशीन बघायला गेला. पंपाच्या, गिअरबॉक्सच्या भल्यामोठ्या ओतीव धुडांत आतून गोल भोक कोरणारी मशीन. तिचा बेड एवढा लांब की त्यावर लग्नाची पंगत बसावी.  ही आली की आपण कायमचे अडकलो, हे चंदरला तिथंच कळलं. म्हणून त्यानं डोकं चालवलं.

"नका घेऊ, शेट," तो म्हणाला. "जुन्या वळणाची आहे. सगळा हाताचा अंदाज. आताची पोरं बटणावर वाढलेली. ही चालवणारा माणूस शोधून सापडायचा नाही तुम्हाला."

शेटनं मशीनकडं पाहिलं, मग चंदरकडं पाहिलं, आणि खो खो हसला. "सापडायला कशाला पाहिजे? तू आहेस ना, साईं!" आणि पाठीवर एक थाप.

तोंड उघडायची वेळ ती होती. चंदरनं काय करावं? तोही हसला! अरे बाबा, हसण्यासारखं काय होतं त्यात?

पुढं तर कहर झाला. चंदर अडचणी काढत गेला आणि शेट त्या एकेक करून सोडवत गेला. शटरमधून आत येणार नाही, म्हणाला. तर मागची भिंत फोडू, शेट म्हणाला. खाली खोल फाउंडेशन लागेल. तर खणू. मशीनवर ऊन पडता कामा नये, एका बाजूनं तापली की लोखंड फुगतं आणि काम बिघडतं. तर नव्या भिंतीत खिडकीच ठेवायची नाही, शेट म्हणाला, आणि वर चारचौघांत सांगत सुटला, "चंदर किती बारीक विचार करतो बघा!"

पावसाळा सरताना भिंत फुटली. मशीन आली. ट्रेलरवरून उतरवून लोखंडी पायपांवर चढवली, आणि इंचाइंचानं ओढत आत घेतली. सगळे एकदम ओरडत होते, पण बघत होते चंदरच्या हाताकडं. त्यानं पंजा दाखवला की थांबायचे, बोटं हलवली की ओढायचे. धूड नेमकं आपल्या जागी बसलं तेव्हा टाळ्या पडल्या. चंदरनं घाम पुसला आणि मान वर केली, तर फुटक्या भिंतीतून समोर त्याचंच घर.

तो चमकलाच. रोज तो गेटानं बाहेर पडून, सगळा वळसा घालून घरी जायचा. घर एवढं जवळ आहे, हाकेवर आहे, हे तो पार विसरून गेला होता. पायरीवर वेणूचे डबे, त्यात झेंडू, मोगरा, कढीपत्ता. वेणू वाकून माती उकरत होती. दुपारचं ऊन अंगणात कुठवर येतं ते त्यानं किती वर्षांनी पाहिलं!

मग तो रोज त्या भगदाडातून जेवायला घरी जाऊ लागला. वेणू भाकरी वाढता वाढता विचारायची, "सांगितलं शेटला?"

"मशीन बसू दे नीट."

"आज सांगितलं?"

"लेव्हल होऊ दे. अर्धवट टाकून कसं सांगायचं?"

"बरं," वेणू म्हणायची. तिच्या त्या 'बरं'ची त्याला शेटपेक्षा जास्त भीती वाटायची.

लेव्हलच्या दिवशी चंदरच्या मनात पाप आलं. विकणाऱ्याचा फिटर काम उरकून निघून गेला होता. चंदरनं बेडवर लेव्हल ठेवली तर आतला बुडबुडा एका बाजूला केसभर सरकलेला. एवढ्यानं काय होतं? होतं तर! गोल म्हणून पाडलेलं भोक लंबगोल निघतं. पहिलाच माल परत येईल, शेट वैतागेल, मशीन विकून टाकेल, आणि आपण सुटू. कुणाला कळणारही नाही. चंदरनं पाना खाली ठेवला. जाऊन साबणानं हात धुतले. कोपरापर्यंत धुतले. मग ओल्या हातानं परत आला, पाना उचलला, वाकला आणि खालचा बोल्ट जरासा फिरवला. बुडबुडा मधोमध येऊन उभा राहिला. चंदरला आपल्याच हाताचा असा संताप आला की तो पाना त्यानं फेकूनच दिला.

दसरा उजाडला. गवंड्यानं भिंत दोन्ही बाजूंनी बांधत आणली होती. मोरिवलीच्या बायकांना पूजेला येता यावं म्हणून मधे माणूस जाईल एवढी फट ठेवली होती. परतीचा पाऊस कधी कोसळेल नेम नाही, तेव्हा संध्याकाळच्या आत तीही बुजवायची होती. वेणू स्वतः लावलेल्या झेंडूच्या माळा घेऊन त्या फटीतूनच आली. शेटनं हात जोडले. "वहिनी, पूजेला तुम्ही दोघं बसा. मशीन माझी असेल, पण चालवणार तर हा ना?"

पाटावर बसताना वेणू पुटपुटली, "सांगितलं?"

"पूजा झाली की सांगतो. तुझी शपथ."

नारळ फुटला. शेटनं चंदरच्या हातानंच मशीन सुरू करवली. टेबलावर पंपाचं एक मोठं ओतीव अंग बांधलेलं होतं. पातं फिरत आत शिरलं, कीस भुरभुर पडायला लागला, आवाज एका सुरात लागला. चंदर सगळं विसरला. पातं बाहेर काढून त्यानं आत गेज घातलं, इकडून मोजलं, तिकडून मोजलं. काटा जागचा हलला नाही, भोक तंतोतंत गोल.

"वा!" त्याच्या तोंडून निघून गेलं. "वेणू, ये, ये! हात लाव बघ आतून! कसं झालंय बघ!"

वेणूनं हात लावला. पण ती भोकाकडं बघत नव्हती. ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. मग पदराला हात पुसत ती बाजूला गेली आणि तिनं फोन लावला.

"दिपेश, जागा कुणाला देऊ नको. माझ्या नावानं ठेव. नाय, तुझे भावोजी नाय यायचे. मी येते. उद्या सकाळीच येते."

चंदर गेज तसंच टाकून तिच्यामागं आला. "अगं, सांगतोय ना मी! आत्ता सांगतो, थांब तर खरी!"

"नाय सांगणार तुम्ही," वेणू म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. "इतकी वर्षं मना वाटलं, तुम्हाला शेटनं धरून ठेवलंय. शेटनं नाय हो धरलेलं." एवढं बोलून ती फटीतून अंग चोरून बाहेर पडली आणि घराकडं चालू लागली.

चंदर धावत शेटकडं गेला.  आज नाही तर कधीच नाही. "शेट, मला..."

शेटच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. "बोल ना, चंदर. आज जे मागशील ते."

"मला..." घशात शब्द आला होता, अगदी जिभेवर आला होता. "मला त्या भिंतीत एक खिडकी पाहिजे."

शेटचा चेहरा पडला. त्याला खरंच वाईट वाटलं. "खिडकी? अरे यार, तूच तर म्हणालास, मशीनवर ऊन पडलं की काम बिघडतं. दुसरं काहीतरी माग ना."

आणि ते खरंच होतं. चंदरइतकं ते कुणाला ठाऊक? त्यानं पेढा घेतला, तोंडात टाकला. गोड लागला की कडू, कळलंच नाही.

गवंडी कामाला लागला होता. फट गुडघ्याएवढी भरली, कमरेएवढी भरली. वरून अजून दिसत होतं, वेणू पायरीवरचे डबे एकेक करून उचलत होती, सकाळी न्यायला एका जागी मांडत होती. एकदा तरी तिनं इकडं बघावं म्हणून चंदर उभा राहिला. तिचा हात रिकामा नव्हता.

"दादा, जरा वो ईंट पकड़ाना," गवंडी म्हणाला.

चंदरनं वीट उचलून दिली.