साहतीच्या मंडळातला पहिला दिवस

मित्रांनो, मला पाहून कुणाला होडी आठवते, कुणाला गुरांची गव्हाण. मी दोन्ही नाही. मी साहती गाळायची जुनी लाकडी डोणी आहे. साहती म्हणजे आमच्या फिनलंडच्या खेड्यांत घरोघरी बनणारी बिअर. ती मोठ्यांची, पण ती तयार होण्याआधी माझ्यातून जो गोड रस वाहतो, तो पोरांचा. तेव्हा माझी गोष्ट ऐकायला तुमची हरकत नसावी.

साइमीच्या वडिलांनी तिच्या लग्नासाठी मला घडवलं. अस्पेनच्या झाडाचा जाड बुंधा आडवा टाकून त्यांनी तो वाकसाने पोखरला, टोकाला भोक पाडलं आणि त्यात खुंटी बसवली. साइमीबरोबर मी तिच्या सासरी आले. लग्न असो, बारसं असो, गवताची कापणी असो, साइमी माझ्या तळाशी जुनिपरच्या काटेरी फांद्या अंथरायची, मोड आणून वाळवलेल्या धान्याची गरम पेज त्यांवर ओतायची आणि खुंटी सैल करायची. तपकिरी रसाची बारीक धार खालच्या बादलीत पडू लागायची. लोक माझ्यावर थाप मारून म्हणायचे, "साइमीची डोणी म्हणजे डोणी!" मी फुगून जायचे. लाकूड ओलं झालं की फुगतंच म्हणा.

पुढे साइमीच्या हातांची बोटं आखडली. मी सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, मागे जाऊन पडले आणि एका वसंतात माझ्या पोटात माती भरून कांदे लावले गेले. नुसतं पडून राहण्यापेक्षा कांदे बरे, अशी मी मनाची समजूत घातली.

घरात साइमीची सून होती, रायली. शाळेची बस चालवायची. बर्फावरून पोरांनी भरलेली बस न घाबरता न्यायची, पण सासूपुढे तिची जीभ टाळ्याला चिकटायची. मी कामात होते तेव्हा साहतीच्या दिवशी तिच्या वाट्याला यायचं ते लाकडं फोडणं. चुलीजवळ साइमी तिला फिरकू देत नसे.

गावात घरी बिअर बनवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. बंबखान्याच्या अंगणात ते जमायचे आणि नव्या माणसाने पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर काहीतरी बनवून दाखवायचं, अशी तिथली पद्धत. रायलीने बरीच वर्षं मनात ठेवलेलं एकदाचं ओठांवर आणलं.

"आई, मंडळात डोणी नेऊ का?"

"नाही. त्यात कांदे आहेत."

दुसऱ्या दिवशी रायलीने पुन्हा विचारलं. साइमी कॉफीत साखर ढवळत म्हणाली, "कांद्यांना विचार."

"विचारलं. हो म्हणाले."

"मग माझं डोकं कशाला खातेस?"

रायलीने माती उपसली, उकळत्या पाण्याने मला घासून काढलं, रात्रभर पाणी भरून ठेवलं. ठरलेल्या दिवशी ती मला घेऊन गाडीपाशी आली, तर साइमी डोक्याला रुमाल बांधून पुढच्या जागेवर आधीच बसलेली.

"बघतेस काय? माझी डोणी एकटी कुठे जात नाही."

अंगणात पोलादी पिंपं चकाकत होती. मला फार लाज वाटली. मंडळाचा प्रमुख व्हेइक्को नळजोडणीचं काम करायचा. त्याच्या पिंपाला इतक्या नळ्या होत्या की ते आजारी वाटावं. तो हसत पुढे आला. "या, या! ही काय, नोहाची होडी आणलीत?"

"हो," साइमी म्हणाली, "आणि तुझी ती दूध डेअरी का?"

सगळे हसले आणि रायलीचे खांदे जरा सैल झाले. तिने फांद्या अंथरल्या, सकाळपासून मुरवलेली पेज माझ्यात ओतली. अंगाला ती ऊब लागली तेव्हा मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पण तेवढ्यात माझ्या पोटाखालून टप टप आवाज येऊ लागला. मला तडा गेला होता. पाण्याने तो मिटल्यासारखा दिसला, पण गरम पेजेच्या भाराने पुन्हा उघडला. रस मातीत जाऊ लागला.

रायली पांढरीफटक पडली. "काल नव्हतं गळत हो... खरंच नव्हतं."

कुणी हसलं नाही. बेकरीवाला ऑस्सी धावत गाडीकडे गेला आणि तडा बुजवायला राय नावाच्या धान्याच्या भिजवलेल्या पिठाचा गोळा घेऊन आला. पण त्याचं पोट एवढं मोठं की त्याला माझ्याखाली वाकता येईना. तेव्हा साइमीने टेकायची काठी बाजूला टाकली आणि ती सरळ मातीत बसली.

"आई, तुमचे गुडघे!"

"गुडघे माझे आहेत. तू ये इकडे. तिथे नाही, इथे. तळहाताने दाब."

सासू-सुना माझ्याखाली हात लावून बसल्या. पीठ घट्ट व्हायला वेळ लागणार होता. बऱ्याच वेळाने रायली हळूच म्हणाली, "मला कधी शिकवलंत का नाही?"

साइमी पीठ दाबत म्हणाली, "गाय गेली, शेत गेलं. एवढं एकच उरलं होतं, ज्यासाठी लोक माझं नाव काढायचे. तुला दिलं असतं, तर मी घरात कोण?"

"आई असता की."

साइमीने नाक ओढलं. "दाब नीट. बोलताना हात सैल सोडतेस."

गळती थांबली. मग साइमीने खुंटीला हात घातला, बोटं वळेनात. ती बाजूला सरकली. "तू सोड. पाव वळसा. धार दोऱ्यासारखी ठेव." रायलीने खुंटी फिरवली आणि तपकिरी, जुनिपरच्या वासाची धार बादलीत उतरली. अंगणातली सगळी पोरं पेले घेऊन धावली. ऑस्सीने वेलचीचे पाव वाटले. व्हेइक्कोने तर दूध डेअरीकडे पाठच फिरवली आणि तो तिसऱ्यांदा रांगेत उभा राहिला.

"साइमीबाई, तुमची डोणी म्हणजे..." तो म्हणू लागला.

"रायलीची," साइमी म्हणाली. "रायलीची डोणी आहे ती. मी नुसती सोबत आलेय."

रायलीला हसू येत होतं आणि रडूही. तिने तोंड पेल्यात खुपसलं.

मित्रांनो, आता माझा तडा बुजवलाय आणि मी दर महिन्याला मंडळात जाते. माझ्यासारख्या जुन्या वस्तू कामाने झिजतात थोड्या. कोरड्या पडूनच जास्त फाटतात. आम्हाला घासा, पुसा आणि कामाला लावा. आणि ज्या हातांना आमचं काम येतं, त्यांच्याकडे जाऊन 'शिकवता का?' म्हणून विचारा. म्हाताऱ्या माणसाचं पहिलं 'नाही' फारसं मनावर घेऊ नका.