शेकोटीच्या काठाची रिंग

लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं होतं, घराला मागे चांगलं ऐसपैस अंगण आहे. ते खरंच निघालं. फक्त ते दिसत नाही, एवढंच.

आमचे हे वॉशिंग मशीनचे मेकॅनिक. एकतीस वर्षं यांनी लोकांची मशीनं दुरुस्त केली आणि जी दुरुस्त झाली नाहीत ती घरी आणली. मोटारी, पंप, पट्टे, काचेची गोल दारं, ड्रम. ‘लागेल कधीतरी’ म्हणायचं आणि ढिगावर टाकायचं. गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, दुकान बंद झालं, आणि तिथलं उरलंसुरलं भंगारही अंगणात येऊन बसलं. मला कपडे वाळत घालायला जायचं तर अंग चोरून जावं लागे. बरं, बोलायचीही सोय नाही. काही बोललं की माणूस हातात एखादी पुली घेऊन असा बघणार, जणू मी याच्या पोटच्या पोराला घराबाहेर काढतेय.

शेवटी एके दिवशी पाण्याच्या पाइपात पाय अडकला आणि मी धुतलेल्या चादरींसकट आडवी झाले. उठले ती फर्मान काढूनच.

“रविवारपर्यंत या ढिगातून घराच्या उपयोगाची एक वस्तू करून दाखवा. एकच. जमलं तर ढीग राहील. नाही जमलं तर सोमवारी भंगारवाला येईल.”

“सगळं नेईल?”

“स्क्रूसुद्धा.”

यांनी ढिगावरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, “शेकोटी करतो. थंडीत मागे बसता येईल.”

“बसायला जागा कुठाय?” मी म्हटलं. पण तोवर स्वारी ढिगात शिरलीसुद्धा होती.

एक सांगायला हवं. दुकान बंद झाल्यापासून हे खिडकीपाशी बसून असायचे. मांडीवर ठेवलेली बोटं मात्र आपली कसला तरी नट आवळत असायची. मला ते बघवत नसे, म्हणून मी स्वयंपाकघरात भांडी आपटायचे. त्या आठवड्यात मात्र माणूस शीळ घालत होता. सकाळचा चहा दोनदा गार झाला. तिसऱ्यांदा मी कप ढिगावरच नेऊन ठेवला.

ड्रम निवडायलाच एक दिवस गेला. प्रत्येकाला टिचकी मारायची, कान लावायचा, मान हलवायची. शेवटी एक पसंत पडला. अंग स्टीलचं, तळ स्टीलचा, सगळीकडे भोकं. “बघ, हवा खेळायला भोकं आयतीच आहेत,” हे मला म्हणाले, जणू ती यांनीच पाडली होती. मोडक्या लोखंडी खुर्चीचे पाय कापून ड्रमला खाली जोडले. पायांखाली पडक्या भिंतीच्या कोरड्या विटा मांडल्या. आणि तोंडाचा पट्टा तर अखंड चालू. ओल्या दगडावर शेकोटी करायची नाही, दगड फुटतो. फ्रीजची जाळी वापरायची नाही, तिच्यावरचा थर जळला की धूर वाईट. जस्त चढवलेला पत्रा तर मुळीच नाही. मी आपली हूं हूं करत भाजी चिरत होते.

शनिवारी संध्याकाळी मला बोलावून घेतलं. ड्रम घासूनपुसून आरशासारखा केला होता. वरच्या काठाला जाड करडी रिंग होती. तीही दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ केलेली.

आता एकतीस वर्षं मेकॅनिकच्या घरात काढल्यावर मला काही कळतच नाही असं नाही. ती रिंग प्लॅस्टिकची असते. आत खारं पाणी असतं. ड्रम गरगर फिरताना थरथरू नये, म्हणून तिचा तोल. यांच्या तोंडून हजारदा ऐकलंय, रिंग म्हणजे ड्रमचा जीव. मशीन उघडलं की रिंग आधी तपासायची, तडा असेल तर बदलायची, रिंगेशिवाय ड्रम कुणाच्या घरी बसवायचा नाही.

पण हा ड्रम आता फिरणार नव्हता. तो पेटणार होता.

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण डोळ्यांसमोर अंगण दिसत होतं. मोकळं, कपड्यांच्या दोऱ्यांचं, कडेला फुलझाडं लावलेलं. मी मूग गिळून गप्प बसले आणि म्हटलं, “छान झालंय.”

रविवारी संध्याकाळी धाकटे दीर आणि जाऊबाई आल्या. मी बटाटे धुऊन ठेवले होते भाजायला. ढीग थोडा बाजूला सारून चार खुर्च्या कशाबशा मावल्या. यांनी लाकडं रचली, काडी ओढली, आणि लाकडांनी लगेच छान पेट घेतला. भोकाभोकांतून उजेड बाहेर पडला. खरं सांगते, देखणी दिसत होती शेकोटी. यांचा चेहरा त्याहून देखणा.

“दादा, किती मिनिटांचा प्रोग्रॅम लावलास?” दिरांनी विचारलं.

“तू गप्प बस आणि हात शेक.”

दहा मिनिटं झाली असतील. आधी वास आला. मग काठ एका बाजूने लोंबायला लागला. मी बटाट्यांचं भांडं घेऊन मागे सरकले, का ते माझं मला ठाऊक. आणि मग रिंग फाटली. फस्सकन आवाज, सगळं खारं पाणी निखाऱ्यांवर, वाफेचा हा लोट. आम्ही चौघे खोकत घराच्या पायरीवर. शेकोटी ठार विझली होती.

“धुऊन झालं रे दादा,” दीर डोळे पुसत म्हणाले, “आता पिळून काढ!”

जाऊबाई हसून हसून बेजार. मलाही हसू आवरेना. हेही हसले, पण एवढंसं. मग आत गेले आणि भंगारवाल्याला स्वतःच फोन केला. “उद्या सकाळी या. हो, सगळं.”

बटाटे मी गॅसवर उकडले. मला एकही गेला नाही.

सोमवारी भंगारवाला टेम्पो घेऊन हजर. हे एकेक वस्तू स्वतः उचलून देत होते. कुणाच्या घरची मोटार, कुठल्या वर्षीचा पंप, सगळं त्याला सांगत होते, आणि तो बिचारा मान डोलवत होता. अर्धं अंगण मोकळं झालं. तेच अंगण, ज्याच्यासाठी मी तोंड शिवून बसले होते. आणि मला ते अजिबात आवडेना.

“अहो,” मी म्हटलं. “रिंग मी शनिवारीच पाहिली होती.”

यांनी हातातला पंप खाली ठेवला. “आणि बोलली नाहीस?”

“नाही. मला अंगण हवं होतं.”

यांनी पंपावरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाले, “मीपण पाहिली होती गं. घासली ना मी ती! काढायची, हे डोक्यातच आलं नाही. रिंग काढून ड्रम द्यायची सवयच नाही हाताला.”

मी तरातरा टेम्पोपाशी गेले. आत दुसऱ्या कुठल्या तरी घरचं भंगार होतं, त्यात एक ड्रम होता. भंगारवाल्याला म्हटलं, “हा उतरवा.” तो माझ्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत त्याच्या टेम्पोतून वस्तू उतरवणारं हे पहिलंच घर असावं. ड्रम यांच्या पुढ्यात ठेवला आणि वर स्क्रूड्रायव्हर.

“आधी रिंग काढा. माझ्यादेखत.”

हे खाली बसले. ड्रमला टिचकी मारली, कान लावला, बोटं काठावरून फिरवली. एकेक करून सगळे स्क्रू काढले आणि रिंग बाजूला ठेवली. मग ड्रम उलटा करून तळ पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

“हा मोठ्या घेराचा आहे. कालचे पाय याला पुरणार नाहीत. अजून लोखंड लागेल.”

मी भंगारवाल्याकडे वळले. “ऐकलंत ना? आमचं मघाचं सगळं खाली उतरवा. आणि तुमच्याकडे काय काय आहे, तेही दाखवा.”